अॅल्युमिनियम चॅनेलवरची एलईडी पट्टी परत परत त्याच जागी का जाते?

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. अॅल्युमिनियमच्या चॅनेलवर १२ व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवून घरीच लाइट बनवला, काही महिने झकास चालला. मग मधलाच तीन एलईडींचा एक तुकडा लुकलुकायला लागला आणि एके दिवशी विझला. तेवढा तुकडा कापून नवा जोडला. गणपतीत बसवलेला तो दिवाळीपर्यंत टिकला आणि पुन्हा त्याच जागी अंधार. नाहीतर पट्टी मधूनच सुटून लोंबते, फेविक्विकने बसवली की थोड्या दिवसांनी शेजारून उचलते. मग निकाल ठरलेला असतो: माल हलका होता. असेलही. पण हलका माल कुठेही जाईल. दरवेळी त्याच वीतभर जागेत जात असेल, तर पट्टी बदलून काही होणार नाही. त्या वीतभर जागेत काय चाललंय ते बघायला पाहिजे.

आमच्या सांगली-मिरजेकडे असे लाइट भरपूर बनतात. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे अॅल्युमिनियम सेक्शनचे (तयार चॅनेल-पट्ट्यांचे) कट-पीस किलोच्या भावाने मिळतात, पट्टी आणि एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ करून देणारा सप्लाय) इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात. दुकानाचं काउंटर, शिलाई मशीन, ओट्यावरची कपाटं, मिरजेत सतारीची घोडी घासणाऱ्या कारागिराची बैठक, सगळीकडे हा लाइट कामाचा. त्यातले काही बिघडून माझ्याकडे येतात आणि येताना एक वाक्य ठरलेलं असतं, "धातू तर गार लागतोय की ओ, मग पट्टी जळंल कशानं?"

गोम नेमकी या वाक्यात आहे. हीटसिंक, म्हणजे पट्टीची उष्णता बाहेर टाकणारा हा धातू, गार लागतो म्हणजे सगळं ठीक, असं नाही. एलईडीत तयार झालेली उष्णता धातूपर्यंत पोचतच नसेल, तरीही धातू गारच लागणार.

उष्णता किती, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. ५०५० एलईडीची (हा आकडा मापाचा, ५.० बाय ५.० मिलिमीटर), मीटरला ६० दिवे असलेली पट्टी मीटरमागे १४.४ वॅट घेते, म्हणजे १२ व्होल्टला १.२ अँपिअर. त्यातला पाव-एक भाग पट्टीवरच्या रेझिस्टरांतच जातो. उरलेल्यातला साधारण तिसरा हिस्सा उजेड होऊन बाहेर पडतो. राहिलेले दहाएक वॅट म्हणजे नुसती उष्णता. जुना पिवळा बल्ब आपली बरीचशी उष्णता किरणांमधून समोर फेकायचा. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने, पट्टीतल्या पातळ तांब्यातून निघते. मागे वाट मिळाली तर ठीक. (३५२८ची मीटरला ४.८ वॅटची पट्टी असेल तर एवढा सोपस्कार लागत नाही. देवघरात किंवा शोकेसमध्ये ती साध्या पट्टीवरही वर्षानुवर्षं चालते.)

आधी मोजा, मग उकला

लाइट खाली काढून टेबलावर तपासू नका. जिथे बसवलाय तिथेच, डिफ्यूझरची (उजेड पसरवणाऱ्या प्लास्टिकची) पट्टी लावलेली असताना, दुपारच्या वेळी तासभर चालू ठेवा. मग दोन तापमानं घ्या. एक, जो तुकडा वारंवार जातो त्याच्या एलईडीशेजारच्या सोल्डरच्या ठिपक्यावर. दुसरं, त्याला लागून असलेल्या उघड्या धातूवर.

मोजायला सर्वांत चांगली ती मल्टिमीटरसोबत येणारी टेंपरेचरची वायर. तिचं टोक कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी पिवळट टेप) ठिपक्यावर चिकटवायचं. मात्र लाइट चालू असताना ते टोक दोन ठिपक्यांना एकदम टेकू देऊ नका. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर एक खाच आहे. चकचकीत अॅल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांतून फार कमी सोडतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं, त्यामुळे सत्तर अंशांचा धातूही थर्मामीटरला चाळिसाचा वाटू शकतो. धातूवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं जाऊ द्या आणि त्या टेपवर नेम धरा. ताप बघायची गन मात्र इथे चालत नाही. अंगाचं तापमान बघायच्या मोडमध्ये तिची धाव बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंतच.

ठिपका आणि धातू यांत आठ-दहा अंशांचा फरक असेल तर सांधा बरा आहे. फरक पंधरा-वीस अंशांच्या वर गेला तर पट्टी धातूला नीट टेकलेली नाही. दोन्ही सारखेच तापलेले असतील, ठिपका साठ अंशांच्या पुढे, तर पट्टी बरोबर टेकलीय पण धातूलाच उष्णता टाकायला जागा नाही. आणि दोन्ही कोमट असूनही तुकडे जात असतील, तर भानगड वेगळीच आहे.

ठिपका तापलेला, धातू गार

सर्वांत जास्त सापडणारा प्रकार हाच. आणि इथे लोक चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतात. पट्टीच्या मागचा गोंद उष्णता नेत नाही असं वाटून महागडी थर्मल टेप आणतात. साध्या टेपची उष्णता नेण्याची ताकद कमी असते हे खरं, पण तिची जाडी असते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. दहा मिलिमीटर रुंद पट्टी मीटरभर नीट चिकटलेली असेल, तर दहा वॅटसाठी त्या टेपमधून जाताना सरासरी एखादाच अंश वाढतो. तीच पट्टी अर्धा मिलिमीटर उचललेली असेल तर मधल्या हवेच्या थरापायी तेवढ्याच उष्णतेला वीस अंश मोजावे लागतात. म्हणजे टेप कसली आहे यापेक्षा ती टेकलीय का, हे महत्त्वाचं.

दुसरं, पट्टी सुटली की तिच्याखाली फोमवाली डबल टेप लावायची सवय. ती मिलिमीटरभर जाड असते आणि फोम म्हणजे अडकवून ठेवलेली हवाच. पकड उत्तम, पण पट्टीला मे महिन्यात गोधडी पांघरून बसवल्यासारखं होतं. अशा लाइटचा धातू हाताला अगदी गार लागतो. फोमची टेप दिसली की मी पुढचं काही मोजत नाही, आधी ती खरवडून काढतो.

आता त्याच जागी का, याचं उत्तर. पाच मीटरचं रीळ सलग नसतं. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे कारखान्यात एकावर एक ठेवून सोल्डर केलेले असतात. बोट फिरवलं तर दर ५० सेंटिमीटरवर जाडसर उंचवटा लागतो. त्या उंचवट्यामुळे दोन्ही बाजूंचा बोटभर भाग धातूला टेकत नाही. तिथला एलईडी जास्त तापतो, गोंद मऊ पडतो, पट्टी आणखी उचलते, आणखी तापते. तुम्ही मेलेला तुकडा बदलता तेव्हा तिथे स्वतःच्या हाताने नवे दोन उंचवटे तयार करता. दुरुस्ती केलेली जागाच पहिली जाते ती यामुळे.

उपाय कटकटीचा आहे पण कायमचा आहे. तो सांधा गरम करून सोडवा. दोन्ही तुकडे एकाच पातळीत, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून चिकटवा. वरून बारीक वायरचे दोन तुकडे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असे डाग देऊन जोडा. फटीखाली आधीच कॅप्टॉन टेपचा तुकडा टाका, नाहीतर कापलेल्या कडेचं तांबं चॅनेलला टेकतं आणि शॉर्ट होतं. वीज देण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस ते चॅनेल आणि मायनस ते चॅनेल बघा. दोन्हीकडे बीप येता कामा नये.

चिकटवण्याआधी धातू स्वच्छ. दुकानातून आलेल्या सेक्शनवर तेलाचा हात असतो, तो दिसत नाही पण गोंदाला कळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं पुरे. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. रॉकेल, पेट्रोलही नको. पुसल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. अॅक्रिलिक गोंदाला पूर्ण पकड धरायला खोलीच्या तापमानात तीनेक दिवस लागतात, म्हणून चिकटवल्या चिकटवल्या पूर्ण वेळ चालू ठेवायची घाई नको.

आणि दाबताना सांभाळा. एलईडीचा जो पिवळा गोल दिसतो तो मऊ जेल आहे आणि त्याच्या आत केसापेक्षा बारीक तारा आहेत. पट्टी उचलली की माणूस अंगठा नेमका त्या पिवळ्यावरच ठेवून दाबतो. तार तिथल्या तिथे तुटते किंवा अर्धवट राहते. अर्धवट राहिलेली तार गार असताना जोडलेली आणि तापली की सुटलेली, म्हणून तो तुकडा लावल्यावर चालतो आणि दहा मिनिटांनी विझतो. दाबायचं ते दोन एलईडींच्या मधल्या सपाट जागेत, लाकडाच्या चपट्या काडीने.

फेविक्विकबद्दल स्पष्टच सांगतो: नको. त्याची वाफ एलईडीच्या जेलवर पांढरी बसते आणि सुकल्यावर तो ठिसूळ होऊन तडकतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, त्यातलं अॅसिड तांबं खातं. लावायचंच असेल तर न्यूट्रल म्हणून मिळतं ते सिलिकॉन घ्या. पण खरं तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची क्लिप आणि बारीक स्क्रू बसवला की काम होतं. स्क्रूचं डोकं तांब्याला लागत नाही एवढं बघा.

दोन्ही तापलेले

हीटसिंक उष्णता गिळत नाही, हवेच्या हवाली करतो. हवेला टेकणारं त्याचं क्षेत्रफळ किती, एवढाच प्रश्न. पंखा नसलेल्या जागेत, दर चौरस मीटरला आणि दर अंशाच्या फरकाला साधारण १० वॅट हवेत जातात, असं धरून ढोबळ हिशेब जमतो. २५ मिलिमीटर रुंद, मीटरभर लांब सपाट पट्टी दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तर ०.०५ चौरस मीटर. दहा वॅटला ती खोलीपेक्षा वीस अंश वर जाते. तीच पट्टी प्लायला टेकवून बसवली की एकच बाजू उरते आणि वाढ होते चाळीस अंश. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला असतो, म्हणजे पट्टी ऐंशीवर. वर पत्र्याचं छप्पर असेल तर छताजवळची हवा त्याहून गरम. जानेवारीत बिनतक्रार चाललेला लाइट मेमध्ये का जातो ते यात आलं.

याउलट ५० बाय २५ची यू सेक्शन घेतली, तर तिचा उलगडा (सपाट केल्यावरची रुंदी) १०० मिलिमीटर होतो. आतून-बाहेरून मोकळी ठेवली तर मीटरला ०.२ चौरस मीटर, आणि वाढ पाचएक अंशांची. वजन थोडं वाढतं, पैसे थोडे वाढतात, पण मला तरी हा सौदा नेहमी परवडलाय. मात्र तोंड खाली करून छताला चिकटवलेल्या यूच्या पोटात गरम हवा कोंडते, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ याहून जास्त दिसते. म्हणून छतापासून किंवा प्लायपासून दहा-पंधरा मिलिमीटर अंतर ठेवा. पीव्हीसी पाइपचे छोटे तुकडे स्क्रूमध्ये ओवले की झालं. एवढ्या एका बदलाने तापमान कधीकधी इतकं उतरतं की बाकी काही करावं लागत नाही.

सुतारांचा आवडता प्रकार म्हणजे प्लायमध्ये खाच पाडून बारीक प्रोफाइल आत बसवायचं. दिसतं फार छान. पण तिन्ही बाजूंनी लाकूड आणि समोर प्लास्टिकचा डिफ्यूझर, म्हणजे धातूला हवा दिसतच नाही. तिथे १४.४ वॅटची पट्टी लावूच नका. कमी वॅटची लावा, नाहीतर डिमर लावून उजेड निम्म्यावर ठेवा.

रंगाबद्दलही बोलायला हवं. घासूनपुसून चकचकीत ठेवलेलं अॅल्युमिनियम किरणांतून जवळजवळ काहीच सोडत नाही; अॅनोडाइझ केलेलं किंवा रंगवलेलं त्याच्या कितीतरी पट सोडतं. रंग काळाच हवा असं नाही, साधा पांढरा ऑइलपेंटही उष्णतेच्या बाबतीत तेवढंच काम करतो. फक्त पट्टी बसते ती जागा मास्किंग टेप लावून उघडी ठेवायची. आणि लोखंडी पट्टी वापरणाऱ्यांसाठी: लोखंड उष्णता पुढे नेण्यात अॅल्युमिनियमच्या पाव ताकदीचं, स्टेनलेस स्टील तर त्याहूनही खूप मागे. स्टीलची पट्टी एलईडीखाली तापते आणि तीन इंचांवर गार राहते.

दोन्ही कोमट, तरीही जातेच

आता एसएमपीएसकडे वळा. लाइट चालू असताना पट्टीच्या सुरुवातीला डीसी व्होल्टेज मोजा. १२ यायला हवेत. १३ दिसले तर चोर सापडला.

पट्टीवर तीन एलईडी आणि एक रेझिस्टर ओळीने असतात. तीन पांढऱ्या एलईडींना मिळून नऊ-सव्वानऊ व्होल्ट लागतात, उरलेले पावणेतीनच्या आसपास रेझिस्टर पेलतो. करंट ठरतो तो या उरलेल्यावरून. म्हणजे एक व्होल्ट वाढला तर वाढ बारात एकाची नाही, पावणेतिनात एकाची. करंट तीस टक्क्यांच्या आसपास चढतो. शिवाय तापलेल्या एलईडीला व्होल्टेज कमी लागतं, तेही रेझिस्टरवर जातं आणि करंट आणखी थोडा वाढतो.

हे १३ येतात कुठून? बहुतेकदा एक साखळी असते. एसएमपीएस लांब ठेवलेला, वायर बारीक. एक चौरस मिलिमीटरची वायर, पाच मीटर जायला आणि पाच यायला, पट्टी पाच मीटरची म्हणजे सहा अँपिअर. एक व्होल्ट वायरीतच संपतो. त्यात पट्टीचं स्वतःचं तांबं पातळ, त्यामुळे टोकाचा उजेड पिवळट, मंद. मग कोणीतरी एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज चढवतं. टोक उजळतं, सगळे खूश. पुढे कधीतरी वायर बदलली जाते किंवा पट्टी आखूड होते, स्क्रू मात्र तिथेच राहतो आणि एसएमपीएसजवळचा पहिला मीटर एकेक तुकडा करत मरायला लागतो. स्क्रू परत १२वर आणा. टोक मंद वाटत असेल तर दोन्ही टोकांना जाड वायरने सप्लाय द्या. सोलरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर थेट लावलेली पट्टी जाण्याचं कारणही तेच, जास्तीचं व्होल्टेज. चार्ज होताना ती बॅटरी चौदाच्या पुढे असते.

सगळीच पट्टी तालात चालू-बंद होत असेल तर तो पट्टीचा दोष नाहीच. एसएमपीएसवर लोड जास्त झालाय, तो स्वतःला वाचवतोय. ७२ वॅटच्या पट्टीला ६० वॅटचा एसएमपीएस लावला की असं होतं. ९०-१०० वॅटचा घ्या. पट्टीला दाबून बसवायचे क्लिपचे कनेक्टर तपकिरी पडलेले दिसले तर काढून टाका आणि डाग द्या.

एक प्रकार आपल्या जिल्ह्याचा खास. तासगाव भागात बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. अशा शेडमधली पट्टी गारही असते, व्होल्टेजही बरोबर असतं, तरी उजेड महिन्यामहिन्याने उतरत जातो. भिंग घेऊन एलईडीत बघा. पिवळ्या जेलखालचा तळ चांदीचा मुलामा दिलेला, चकचकीत हवा. तो काळपट, धुरकट दिसला तर गंधकाने चांदी काळी पडलीय. सिलिकॉनचं आवरण असलेली वॉटरप्रूफ पट्टी लावून हे थांबत नाही, सिलिकॉनमधून वायू आरपार जातात, उलट त्या आवरणात उष्णताही कोंडते. धुरीच्या जागेबाहेर लाइट लावून काचेतून उजेड आत घ्या, नाहीतर पूर्ण बंद, गॅस्केटचा लाइट वापरा.

२३० व्होल्टवर थेट चालणारी रोपवाली पट्टी काही जण धातूच्या चॅनेलवर बसवतात. ती बसवू नका. तिच्यात मेनपासून वेगळं करणारं काहीच नसतं, कडेला एक ओरखडा पडला तरी अख्खा चॅनेल करंट मारेल. १२ व्होल्टच्या लाइटलाही एसएमपीएसची बॉडी आणि चॅनेल दोन्हींना अर्थिंगची हिरवी वायर जोडा.

शेवटी तुकडा बदलायचाच झाला तर आधी नेमका कुठला एलईडी गेलाय ते बघून घ्या. ३५२८ किंवा २८३५च्या पट्टीवर वायरच्या छोट्या तुकड्याने एकेका एलईडीचे दोन पाय क्षणभर जोडून बघायचे; मेलेल्याचे पाय जोडले की उरलेले दोन पेटतात. सेकंदभरापेक्षा जास्त धरू नका, त्या दोघांवर करंट बराच जास्त जातो. नवा तुकडा जुन्याशेजारी जास्त पांढरा आणि जास्त तेज दिसणार, कारण जुने एलईडी एव्हाना उतरलेले असतात. काउंटरवर किंवा कपाटात ते खटकतं. म्हणून लाइट बनवतानाच त्याच रिळाचा हातभर तुकडा चॅनेलच्या मागे टेपने चिकटवून ठेवा, आणि दुरुस्तीनंतर तासभर चालवून त्या दोन जागांची तापमानं पुन्हा मोजा.